फेलिक्सची सवड, रमाबाईंचे प्रश्न

कैसरियात सुभेदार फेलिक्स आणि त्याची पत्नी द्रुसिल्ला यांच्यापुढे पौल बोलत होता. कैदी होता तो, पण न्यायाची गोष्ट त्यानेच काढली. नीतीने वागणे, स्वतःला आवरणे, देवापुढे एक दिवस उभे राहणे. फेलिक्स घाबरला. म्हणजे बोलणे काळजापर्यंत पोहोचले होते. तरी त्याने पौलाला जायला सांगितले. सवड झाली की बोलावतो म्हणाला. आणि त्याने बोलावलेही, अनेकदा बोलावले. संभाषणे झाली, मनात मात्र लाच मिळण्याची आशा. अशी दोन वर्षे गेली, त्याच्या जागी फेस्त आला आणि पौल तुरुंगातच राहिला. फेलिक्सने सुवार्ता नाकारल्याचा उल्लेख कुठेच नाही. प्रेषितांच्या कृत्यांमधल्या या प्रसंगात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याचीच.

तारणाचा संदेश ऐकून जो म्हणतो, ‘मला अजून काही विचारायचे आहे’, त्याच्याकडे आपल्या मंडळ्यांमध्ये कधीकधी संशयाने पाहिले जाते. हे बरोबर नाही. प्रश्न विचारणारा आणि वेळ काढणारा, दोघेही वरवर सारखेच थांबलेले दिसतात. पण एकाला उत्तर हवे असते आणि दुसऱ्याला उत्तराची धास्ती असते.

पंडिता रमाबाई पहिल्या प्रकारच्या. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सिस्टरांकडे राहिल्या. या सिस्टर लंडनमधल्या फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी काम करत. ज्यांना सगळे दूर लोटतात त्यांची यांना एवढी माया का, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. पण प्रश्न संपले नाहीत. त्रैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी त्या वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. चर्च सांगते म्हणून मान्य करा, हे उत्तर त्यांना कधीच पुरले नाही.

पुढे आपल्या साक्षीत त्यांनी जे लिहिले ते वाचून आपण बाप्तिस्मा घेतलेल्यांनी तरी हादरले पाहिजे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण स्वतः ख्रिस्त सापडलेला नाही. त्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हॅस्लमही इतरांना उपदेश करत असतानाच स्वतः तारणाला मुकलेले होते. रमाबाईंपाशी काय नव्हते? संस्कृतची विद्वत्ता, कीर्ती, विधवांसाठीच्या शारदा सदनासारखे काम, पदरी बाप्तिस्मा. यांतले काहीच देवाला दाखवायचे नाही आणि ख्रिस्ताने केलेली क्षमा फुकट घ्यायची, हे कर्तबगार माणसाला फार जड जाते. रमाबाईंनी ती घेतली. त्यांच्या प्रामाणिक प्रश्नांनीच त्यांना इथवर आणले, असे मी मानतो.

आधी थोडे सुधारू, मग देवाकडे जाऊ, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याकडे पाहावे. मध्यरात्री भूकंपाने दारे उघडली, तेव्हा कैदी पळाले असे समजून तो तलवार उपसून जीव द्यायला निघाला होता. स्वतःला सुधारायला त्याच्यापाशी वेळ कुठला? तारणासाठी काय करू, एवढेच त्याने विचारले. प्रभू येशूवर विश्वास ठेव, हे उत्तर मिळाले, वचन ऐकले, आणि त्याच घटकेला त्याने पौल व सीला यांच्या जखमा धुतल्या. त्याआधी याच माणसाने त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते. रमाबाईंच्या आयुष्यातही क्रम हाच दिसतो. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या, त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभे राहिले. तारण मिळवण्यासाठी ही धडपड नव्हती; ते मिळाल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना.

आज तुमच्या मनात प्रश्न असेल तर तो येशूलाच विचारा, आणि आजच विचारा. योहानाचा चौथा अध्याय उघडून पाहा. ती शोमरोनी स्त्री विहिरीवर प्रश्नांमागून प्रश्न विचारते. तुम्ही यहूदी असून माझ्याकडे पाणी कसे मागता, तुमच्यापाशी पोहरा कुठे आहे, थेट इथपासून. येशू तिला गप्प करत नाही. तिच्या आयुष्यातली झाकलेली गोष्टही तो तिच्यापुढे ठेवतो, आणि तरी ती पळून जात नाही. घागर तिथेच टाकून ती गावात जाते, तेव्हाही तिच्या तोंडी प्रश्नच असतो: हाच तर ख्रिस्त नसेल? तेवढ्यावर गाव त्याच्याकडे निघतो.