फोटो सावकाश पाहताना

दार लोटून घ्या. फोन हातात असू दे, पण स्क्रीन अजून बंदच ठेवा. पाठ टेकून बसा. श्वास आपसूक येतो, जातो; मोजू नका. वजनाचा आकडाही घटकाभर बाजूला राहू दे.

आता वजन घटवणाऱ्या इंजेक्शनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो असलेला, लॉक केलेला अल्बम उघडा. पहिला फोटो घ्या. नजर थेट पोटाकडे जाईल, जाऊ दे. मग तिला सावकाश पावलांवर आणा. सगळा भार याच पावलांनी वाहिला, जिने चढली, रांगांमध्ये तिष्ठली. तिथून गुडघे, हात, खांदे. चेहरा कापून टाकला असेल, तर का, एवढंच मनाला विचारा. उत्तराची घाई नको.

ताजा फोटो शेजारी ठेवा. तीच भिंत, सकाळचा तोच उजेड, तोच टी-शर्ट. त्याची खांद्यावरची शिवण आता दंडावर उतरली आहे. काटा अडून बसला असेल, पण शिवण सरकली आहे. थोडं थांबा. पाहा.

‘हे मी केलं की इंजेक्शननं?’ हा प्रश्न येईलच. त्यातलं सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड हे औषध आतड्यातल्या संप्रेरकांसारखं काम करतं. मेंदूपर्यंत जाणारी भुकेची हाक मंदावते, पोट सावकाश रिकामं होतं. म्हणजे पूर्वीची ती भूक नुसता हावरटपणा नव्हती. तिच्यामागे शरीराचं रसायन होतं. पहिल्या फोटोतल्या माणसावर ठेवलेला आळशीपणाचा ठपका आज पुसून टाका. दवाखान्याची पायरी तोच माणूस चढला होता.

दंड फार बारीक दिसतात? चरबीबरोबर स्नायूही झडतात. मनात नोंद करा, घाबरू नका.

आणखी एक गोष्ट शांतपणे ऐका. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी सुमारे 15 टक्के वजन घटलं; उपचार थांबल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. उद्याचा एखादा फोटो मागच्यासारखा दिसू शकतो. त्याकडेही याच नजरेनं पाहता येईल का?

अल्बम बंद करा. फोटोंची प्रत परस्पर क्लाउडवर जात नाही ना, तपासा. ‘दाखव ना’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायला कारण लागत नाही.

पुढचा फोटो महिन्याभरानं काढा. डोस वाढवायचा, कमी करायचा की थांबवायचा, हे मात्र फोटो पाहून ठरवू नका. डॉक्टरांशी बोला, आणि दंडांचंही सांगा.