ओझे वाहणाऱ्याचे ऋण

जी वस्तू आपल्यासाठी झिजून संपते तिचे आपण काही देणे लागतो काय? आणि वस्तूचे लागत नसू, तर माणसाचे किती लागतो? हा प्रश्न तसा जुनाच आहे. परंतु अंतराळात माल पोहोचविणाऱ्या बिनमाणसांच्या यानांविषयी वाचताना तो माझ्यापुढे नव्याने उभा राहिला.

२० जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत रशियाने ‘प्रोग्रेस-१’ हे यान सोडले. त्यात चालक नव्हता आणि परत येण्याची सोयही नव्हती. दोन दिवसांनी ते ‘सॅल्यूत-६’ या अंतराळस्थानकाला आपोआप जाऊन जोडले गेले. तेथे रोमानेन्को आणि ग्रेच्को हे दोघे अंतराळवीर राहात होते. इंधन, अन्न, हवा, कपडे, यंत्रांचे सुटे भाग असा सुमारे २३०० किलो माल त्यांना मिळाला. तो उतरवून घेतल्यावर त्यांनी रिकाम्या यानात आपला केरकचरा भरला आणि ते सोडून दिले. ८ फेब्रुवारीस ते पॅसिफिक महासागरावरील वातावरणात शिरून जळून गेले. तेव्हापासून अशी दीडशेहून अधिक प्रोग्रेस याने गेली, आणि आजही जातात. अमेरिकेचे मालवाहू ‘ड्रॅगन’ यान समुद्रात सुखरूप उतरते. प्रोग्रेसच्या नशिबी मात्र जळणेच आहे.

आपल्या इस्रायलला १ फेब्रुवारी २००३ हा दिवस विसरता येत नाही. त्या दिवशी ‘कोलंबिया’ यान परतताना फुटले आणि इलान रामोन यांच्यासह सातही अंतराळवीर मरण पावले. दुसऱ्याच दिवशी, ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे, बायकोनूरहून एक प्रोग्रेस यान निघाले. कारण वर स्थानकात तिघे जण होते आणि त्यांना खायला हवे होते. पुढे जुलै २००५ पर्यंत अमेरिकेची शटल याने उडाली नाहीत. तोवर स्थानकाचा संसार या मालयानांनीच सांभाळला. २००४च्या अखेरीस तेथील दोघांना जेवणात काटकसर करावी लागली होती. २५ डिसेंबरला प्रोग्रेस पोहोचले तेव्हा ती चिंता मिटली. सात जणांसाठी जग रडले, ते योग्यच होते. जळून गेलेल्या मालयानासाठी कोणी रडले नाही, आणि तेही योग्यच होते.

योग्य कसे? आपल्या हाखामांनी सांगितले आहे की, मिसर देशावर पहिली पीडा आली तेव्हा नदीवर काठी मारण्याचे काम मोशे रबेनूंनी केले नाही, ते अहरोनकडे गेले. कारण तान्हेपणी त्याच नदीने मोशेंना सांभाळले होते. नदीला काठी लागत नाही हे हाखामांना ठाऊक होते. पण मारणाऱ्याच्या मनाला ती लागते, आणि मन एकदा निबर झाले की ते नदी व माणूस असा भेद करीत नाही.

म्हणून यानाची पूजा करा असे माझे म्हणणे नाही. जे ओझे नेऊन जळून जाण्यासाठी माणसाला पाठविणे पाप ठरले असते, तेथे आपण धातूचे यान पाठवितो, हा माणसाच्या बुद्धीचा चांगलाच उपयोग आहे. माझी भीती वेगळी आहे. यानाशी जे वागणे रास्त, तेच आपण माणसांशी करू लागतो: भरलेला असेपर्यंत स्वागत, आणि रिकामा झाला की आपला कचरा त्याच्यात भरायचा.

मी नर्स म्हणून वॉर्डात वर्षानुवर्षे काम केले. जेवणाचा ट्रे आणणारीला सगळे ‘तोदा’ म्हणत. बेडपॅन उचलून नेणारीकडे कोणी मान वर करून पाहात नसे. वास्तविक दुसरीवाचून वॉर्ड एक दिवसही चालला नसता. घरातही तेच आहे. जन्मभर वाढणाऱ्या आईचे हात थकले की मुले तिच्याकडे केवळ आपल्या तक्रारी घेऊन येतात. आज आपल्या कित्येक म्हाताऱ्यांच्या उशाशी परदेशातून, काही तर भारतातून, आलेल्या बाया बसलेल्या आहेत. स्वतःची मुले मागे ठेवून त्या आपल्या आईवडिलांना भरवितात आणि स्वच्छ करतात. “पगार देतो की!” असे आपण म्हणतो. पगाराने कामाची किंमत चुकते. माणसाचा मान पगारात येत नाही.

कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शब्बाथला त्यांचा घाणा बंद असे. त्या दिवशी घाण्याच्या बैलालाही विसावा मिळे. शब्बाथच्या आज्ञेत बैल व गाढव यांच्याबरोबर दास, दासी आणि वेशीच्या आतला परकाही आहे, हे आपण विसरू नये. ज्या धर्माने मुक्या बैलाचा थकवा मोजला, त्या धर्माच्या घरात काम करणाऱ्या बाईला आठवड्याचा एक दिवस स्वतःचा मिळतो की नाही, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे.

यानाला विसावा नको, मानही नको. त्याच्यातले सामान उतरवून घ्यावे आणि त्याला जाऊ द्यावे. परंतु जो माणूस आपल्यासाठी ओझे वाहून थकला, त्याला निदान बसायला जागा द्यावी आणि त्याचे नाव घेऊन हाक मारावी. एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.