गोंधळाचे यजमान कोण? लोककलेच्या अभ्यासातला अधिकाराचा प्रश्न

लोककलांचा पदव्युत्तर अभ्यास महाराष्ट्रात आता रुळला आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झाले. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत तमाशा, गोंधळ, जागरण, भारूड हे प्रकार त्या त्या कलावंतांच्या मदतीने शिकवले जातात. यातल्या काही कला मुळात देवाची कार्ये आहेत. ती कार्ये वर्गात आली, त्यांना गुण मिळू लागले, महोत्सवात त्यांना वीस मिनिटे ठरवून दिली गेली, म्हणजे त्यांच्यातले काय टिकते आणि त्यांच्यावर हक्क कुणाचा राहतो, हा धर्मविचारातला प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ नाट्यशास्त्राच्या अंगाने मिळत नाही.

मूळचे कार्य घरात कसे होते ते आधी पाहू. सांगलीजवळचे कुपवाड म्हटले की औद्योगिक वसाहत आठवते. १९९८ साली सांगली आणि मिरजेबरोबर कुपवाडची एक महापालिका झाली. गाव शहरात मिसळले तरी घरात लग्न झाले की गोंधळाचा कुलाचार सुटत नाही. पाटावर नवे वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, ज्वारीच्या ताटांचा किंवा उसाचा मखर उभा करतात. दिवटी पेटते. तिच्यात तेल घालण्याचा मान घरच्यांचा. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा अशा एकेका दैवताला गोंधळाला येण्याचे आवतण दिले जाते. ही बोलावणी झाली की मग आख्यान रंगते आणि शेवटी आरती होते. गोंधळी उत्तम गातो की बेताचा, यावर कार्याची सिद्धी अवलंबून नसते. दैवते आली, नवस फिटला, घर मोकळे झाले, एवढे पुरते.

मीमांसकांच्या भाषेत इथे यजमान आहे आणि फळ त्याचे आहे. ऋत्विज कर्म करतो, पण संकल्प ज्याचा, फळही त्याचेच. नाट्याची मांडणी वेगळी. तिथे यजमानाच्या जागी प्रेक्षक बसतो आणि फळाच्या जागी रस येतो. नाट्यगृहात बसलेल्या माणसाने संकल्प सोडलेला नसतो, त्याने तिकीट काढलेले असते. गोंधळ रंगमंचावर गेला की शब्द, चाल, संबळाचा ठेका हे सगळे तसेच राहू शकते, पण यजमान मात्र हरवतो. विधी आणि प्रयोग यांतला खरा भेद हा आहे.

या भेदाची भिंत मात्र कधीच पक्की नव्हती. नाट्यशास्त्रात भरताने नाट्याला सर्व वर्णांसाठीचा पाचवा वेद म्हटले आणि प्रयोगाआधी जर्जराची, म्हणजे इंद्रध्वजाची, पूजाही सांगितली. तमाशा गणाने उघडतो, मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले. त्याला कर्नाटकातल्या भागवत मंडळींच्या खेळांची पार्श्वभूमी होती आणि त्यात गणपती-सरस्वती रंगभूमीवर अवतरत. कुपवाडजवळच्या कवलापूरने शिवा-संभा आणि पुढे काळू-बाळू हे तमाशाचे फड दिले. देवाला वंदन करूनच ते लोकांना हसवत. सांगलीतच अध्यापन केलेल्या डॉ. तारा भवाळकर यांनी पौराणिक नाटकांची जडणघडण आणि लोकरंगभूमी यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि ग्रांथिक व नागर परंपरांइतकेच मोल लोकपरंपरेला दिले. २०२५ साली दिल्लीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. रंगभूमीचे अमेरिकी अभ्यासक रिचर्ड शेकनर यांनीही परिणामासाठी केलेले कर्म आणि रंजनासाठी केलेला खेळ हे वेणीच्या पेडांसारखे गुंफलेले असतात, असे मांडले. तेव्हा रंगमंचावर आल्याने गोंधळ बाटतो ही तक्रार फारशी टिकत नाही. देवकार्य आणि खेळ यांची ये-जा या मुलखात जुनीच आहे.

अवघड प्रश्न पुढचा आहे. जतच्या यल्लमाच्या यात्रेत आणि सौंदत्तीच्या वाटेवर चौंडके वाजते. काखेत धरलेले लाकडी नळकांडे, त्याच्या चामड्यातून निघालेली एकच तार, ती ताणत सैल करत तिच्यावर आघात करायचा. त्या एका तारेतून निघणारा घुमारा ऐकणाऱ्याला विसरता येत नाही. पण ते वाद्य ज्या हातांत आले, त्यातले बरेच हात लहानपणी देवीला सोडलेल्या मुलींचे होते. ही प्रथा बंद करण्यासाठी महाराष्ट्राने २००५ साली देवदासी समर्पण निर्मूलनाचा कायदा केला. मग चौंडक्याचे जतन करायचे म्हणजे नेमके कशाचे? वाद्य आणि गाणे शिकवता येते, शिकवावेही; पण ज्या समर्पणातून ते आले ते परंपरा म्हणून गोंजारता येणार नाही. हलगीची गोष्टही अशीच. गावात ती वाजवणे हे जातीवर लादलेले काम होते आणि १९५६ च्या बौद्ध धर्मांतराच्या काळात अनेकांनी ते स्वाभिमानाने टाकून दिले. कला लोप पावली म्हणून हळहळणाऱ्या अभ्यासकाने या नकाराचीही नोंद तितक्याच आदराने केली पाहिजे. जो समाज कला जपू शकतो, त्याला ती सोडण्याचाही अधिकार आहे. ‘समाजाची कला’ म्हणताना त्या समाजातल्या कुणी ती निवडली आणि कुणाच्या गळ्यात ती मारली गेली, हे विचारल्याशिवाय अभ्यास पुढे सरकत नाही.

अभ्यासक स्वतः यजमान नसतो आणि पुरता प्रेक्षकही नसतो. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या धनगरी ओव्या गोळा केल्या आणि त्यांवरचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध केला. गाणे आणि गद्य कथन आळीपाळीने येणारी ती ओवी त्यांच्यामुळे जगभरच्या विद्वानांपर्यंत पोचली. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीच्या बिरोबाकडे येणाऱ्या धनगराला मात्र ती आधीपासूनच ठाऊक होती. अभ्यासाने तिचा श्रोता वाढवला. तिच्यावरचा हक्क त्यामुळे अभ्यासकाकडे जात नाही.

अभ्यासक्रमाच्या रचनेत याचा अर्थ सरळ आहे. गोंधळी पाहुणा म्हणून बोलावलेला नमुना नसावा. तो मानधन घेणारा शिक्षक असावा आणि परीक्षेत त्याचे मत मोजले जावे. ध्वनिमुद्रणाची प्रत ज्याने गायले त्याच्या घरी जावी आणि छापण्याआधी त्याला विचारले जावे. ज्या कुळात विशिष्ट पद फक्त कार्यातच म्हणायचे असा दंडक आहे, तिथे विद्यार्थ्याने ते मागू नये. वर्गात दिवटी पेटवायची की नाही, हे विभागप्रमुखाने ठरवायचे नाही. काही गोंधळी देवीची सेवा म्हणून ती कुठेही पेटवतील, काही कार्याविना हात लावणार नाहीत. दोन्ही उत्तरे त्या विद्येचाच भाग आहेत आणि विद्यार्थ्याच्या वहीत कारणांसह उतरायला हवीत.