मांजराचा गुन्हा

मांजर खोडी करते, असे आपण सहज म्हणून जातो. पण खोडी करायची तर आपल्या करण्याने दुसऱ्याला त्रास होणार आहे, हे कळावे लागते. ते मांजराला कळते का? आणि कळत नसेल तर त्या खोडीचा हिशेब मांडायचा कुणाच्या नावावर? प्रश्न वाटतो तितका बालिश नाही.

आमच्या घरी मुन्नी नावाची करड्या पट्ट्यांची मांजरी आहे. पडद्यात नखे रुतवत ती दांडीपर्यंत चढते, तिथून कपाटावर, कपाटावरून फ्रिजवर उडी घेते आणि फ्रिजवरच्या औषधांच्या बाटल्यांमधून एकीलाही धक्का न लावता पलीकडे उतरते. मग ओट्यावरचा चमचा मात्र पंजाने जरा जरा सरकवत काठापर्यंत आणते, आमच्याकडे एकवार पाहते आणि खाली ढकलून देते. जानमाज अंथरली की नेमकी सजद्याच्या जागी येऊन बसते. दादीच्या तसबीहच्या गोंड्यात तिला काय दिसते देव जाणे. दादीची मोजणी रोज निदान दोनदा चुकते. फजरच्या आधी तासभर तिची धावपळ सुरू होते. माजघरातून पडवीत, पडवीतून माजघरात, आणि मध्ये झोपलेल्यांच्या पोटावरून. बाटल्या चुकवता येणाऱ्या जनावराला चमचा चुकवता येत नाही, असे कोण म्हणेल? म्हणून घरातले सगळे ठामपणे सांगतात, ही मुद्दाम करते.

आम्हाला तसे वाटत नाही. मांजर दबा धरून शिकार करणारा प्राणी. हलणारा गोंडा, घरंगळणारा चमचा, पांघरुणाखालचा पाय, हे त्याच्या लेखी सावजच. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याच्या अंगात येते, कारण शिकारीची वेळच ती. त्याची हसळीची हाडे इतर हाडांना घट्ट जोडलेली नसून स्नायूंत सैल असतात, म्हणून चिंचोळ्या फटीतूनही ते अंग काढून घेते. उंचावरून पडताना आधी पुढचा भाग वळवायचा, मग मागचा, ही कला पिल्लू सहा-सात आठवड्यांचे होईतो त्याला पक्की येते. कुणी शिकवावी लागत नाही. फ्रान्समधले शरीरशास्त्रज्ञ मारे यांनी १८९४ साली एकामागोमाग छायाचित्रे घेऊन ही कलाटणी जगाला दाखवली. त्यासाठी मांजराला उलटे धरून खाली सोडावे लागले. माणसाने जाणूनबुजून केलेल्या या उद्योगाला मात्र कुणी खोडी म्हटले नाही, संशोधन म्हटले!

मांजराच्या कसरतीचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होते. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार झालेल्यांपैकी नव्वद टक्के वाचली होती. हा आकडा लोक मोठ्या हौसेने सांगतात. पण जागीच मेलेले मांजर दवाखान्यात नेतो कोण? मुंब्र्याच्या सातव्या मजल्यावर उघड्या खिडकीत बसलेले मांजर पाहून 'ते काही पडत नाही' म्हणणाऱ्याने एवढा हिशेब करावा. जाळी बसवणे मांजराच्या हातात नाही.

आता न्यायाकडे वळू. मांजरावर भरलेले खटले आपल्या भाषेत जागोजाग सापडतात. 'नौ सौ चूहे खाके बिल्ली हज को चली' ही म्हण आपल्या घरांतून रोज ऐकू येते. दांभिक माणसाला ती चपखल बसते, तक्रार नाही. पण उंदीर खाणे हे मांजराचे पाप कधी झाले? हदीसमध्ये ज्या बाईला मांजरापायी शिक्षा सांगितली आहे, तिचा अपराध नेमका उलटा आहे. तिने मांजर कोंडून ठेवले, खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन जमिनीवरचे जीवजंतू खाऊ दिले नाहीत. म्हणीतल्या बिल्लीला ज्यासाठी तौबा करावी लागते, ते तिला करू न देणे हाच बाईचा गुन्हा ठरला. अबू कतादा यांच्यासाठी सुनेने वजूचे पाणी ठेवले असता मांजर आले, तेव्हा त्यांनी भांडे तिरके करून त्याला पिऊ दिले आणि नवल करणाऱ्या सुनेला पैगंबरांचे सांगणे ऐकवले. मांजर नापाक नाही, ते तुमच्यात फिरत्या-वावरत्यांपैकी आहे, असा त्याचा आशय. यातल्या 'तव्वाफीन' या शब्दाचेच रूप सूरह नूरमध्ये घरातल्या सेवकांना आणि अजाण मुलांना उद्देशून आले आहे. अजाण मुलाला कुणी गुन्हेगार म्हणत नाही. पण त्याने शेजाऱ्याची काच फोडली तर भरपाई कोण देते?

इथे इमाम नववींची आठवण होते. तेराव्या शतकातले हे शाफई विद्वान. कोकणातले आम्ही त्याच मसलकाचे. त्यांच्या 'मिन्हाज'मध्ये मांजराचा खास उल्लेख आहे. मांजर पक्षी मारते किंवा अन्न नासते हे आधीपासून माहीत असेल, तर त्याच्या मालकाने नुकसान भरून द्यावे, मग ते रात्री झालेले असो की दिवसा. माहीत नसेल तर नाही. अधिक सबळ मत म्हणून त्यांनी हेच दिले आहे. म्हणजे गुन्हा मांजराच्या हेतूवर ठरत नाही, आपल्या माहितीवर ठरतो. पाहुण्यांपुढे चहा ठेवता ठेवता 'आमची मुन्नी कुठेही ठेवा, सुका बांगडा बरोबर काढते' असे हसत सांगणारा माणूस कौतुक करत नसतो. चार साक्षीदारांसमोर कबुली देत असतो.

या जबाबदारीतून सुटायच्या दोन वाटा मोहल्ल्यात रुळल्या आहेत. एक, 'जनावर आहे, त्याला काय कळतंय' असे म्हणून हात झटकायचे. दुसरी, मांजराला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून यायचे. पहिलीत शेजारी भरडतो, दुसरीत मांजर. दुसरी वाट धरणारे बहुधा पहिली आधी तुडवून आलेले असतात. कालपर्यंत ज्याला काही कळत नव्हते, त्यालाच आज हद्दपारीची शिक्षा!

बांधून ठेवावे तर ती बाई आठवते, मोकळे सोडावे तर नववी. आम्हाला यावर सगळीकडे लागू पडेल असा तोडगा सापडलेला नाही. तिन्हीसांजेला पोटभर खाऊ घालून घरात घ्यावे, तिच्या पंजांना घरातच काही उद्योग द्यावा, शिंक्याची दोरी मजबूत ठेवावी, इतके करता येते. मांजराच्या भाग्याने शिंके तुटते म्हणतात, पण दोरी कुजते ती आपल्या आळसाने.

गेल्या खेपेस शेजारच्या खालाजानने खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, तेव्हा आमच्या घरात यावरून वाद झाला. 'तिला काय कळतंय,' असे चाची म्हणाली. खालाजान कुंपणापलीकडून म्हणाली, 'तिला नाही, पण तुम्हाला कळतंय ना?' दादीने त्याच आठवड्याच्या बाजारातून मोठे, घट्ट विणीचे डालगे आणून तिला दिले. पैसे आम्ही भरले. पिल्ले निघाली, वाढली. मुन्नी दिवसभर त्या डालग्यावर बसून फटींतून आत पाहत असे, आणि खालाजान येता-जाता तिला खाली उतरवत असे.