पाय पुढे करणं

सुरत म्हटलं की मराठी माणसाला आधी १६६४ साल आठवतं. त्या धामधुमीत महाराजांच्या फौजेने कपुचिन पाद्री फादर अँब्रोज यांच्या घराला हात लावला नाही, असं बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. शहरात इतरही ख्रिस्ती होते, इंग्रज, डच आणि आर्मेनियन. सगळे एकाच ख्रिस्ताचे, पण एकमेकांत फारसं सख्य नाही. कतारगाम दरवाज्याकडे गेलात तर ते आजही दिसतं. इंग्रजांचं कबरस्तान वेगळं, डचांचं वेगळं, आर्मेनियनांचं वेगळं. ऑक्सिंडेन बंधूंची घुमटवाली कबर पाहून डचांनी आपल्या व्हान ऱ्हीडसाठी तशीच टोलेजंग इमारत उठवली, असं सांगतात. व्यापारातली चढाओढ थडग्यापर्यंत नेली म्हणायची.

पुढे मिशनरी आले आणि त्यांनी भांडण टळावं म्हणून इलाखे वाटून घेतले. सुरतेत आधी लंडन मिशन, मग १८४० च्या दशकापासून आयरिश प्रेस्बिटेरियन. १८९० च्या दशकात वलसाडला अमेरिकेतून ब्रदरन पंथाचे लोक उतरले आणि अंकलेश्वर, व्यारा, डांगपर्यंत पसरले. नवापूर ओलांडून खानदेशात शिरलं की ‘अलायन्स’, आणि त्या नावाचीसुद्धा दोन वेगवेगळी मिशनं! म्हणजे तुम्ही कोणत्या पंथाचे, हे तुमच्या आजोबांचं गाव कोणत्या स्टेशनजवळ होतं यावर ठरायचं. आजोबांनी कुठला धर्मशास्त्राचा ग्रंथ तोलून पाहिला नव्हता. पण नातवंडांपर्यंत येता येता तो पंथ रक्तातला झाला.

फरक किरकोळ नव्हते, हेही सांगायला हवं. प्रेस्बिटेरियन घरात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात. ब्रदरनांच्या लेखी तो बाप्तिस्माच नव्हे. कळत्या वयात माणसाने स्वतः विश्वास कबूल करावा आणि मग पाण्यात तीनदा, पुढे वाकून, बुडी घ्यावी. एकाने दुसऱ्याला म्हणायचं, तुझा विधी झालाच नाही. यापेक्षा मोठा दुरावा कोणता?

तरीही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. बोलणी १९२९ पासून चालली होती. मेथडिस्टांची मोठी मंडळी अगदी शेवटच्या घटकेला बाहेर पडली. बाप्तिस्म्याचा तिढा सोडवला तो असा की, दोन्ही रीती चालतील. ज्याला बाळाला द्यायचा त्याने द्यावा, ज्याला थांबायचं त्याने थांबावं, आणि एकाने दुसऱ्याला अपुरं म्हणू नये.

मला त्या दिवसातली सगळ्यात धीट गोष्ट वाटते ती पाळकांच्या दीक्षेची. अँग्लिकन बिशपांची धारणा अशी की, आपली दीक्षा थेट प्रेषितांपासून हस्तस्पर्शाने चालत आली आहे. बाप्टिस्ट आणि ब्रदरन पाळकांकडे ती साखळी नाही. मग त्यांना पुन्हा दीक्षा द्यायची का? तसं केलं असतं, तर आजवरची तुमची सेवा लटकी होती असंच ठरलं असतं. तोडगा निघाला तो असा की, सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे. कोणाला काय मिळालं, कोणाकडे काय कमी होतं, हे प्रार्थनेत मुद्दाम मोघम ठेवलं. देवाला ठाऊक आहे, तो ज्याचं त्याला देईल. काटेकोर धर्मपंडितांना ही पळवाट वाटली. मला ती अदब वाटते. बिशपाने मान वाकवून, ज्याच्याकडे साखळी नाही त्याचा हात डोक्यावर घेतला.

ब्रदरन मंडळ्यांत हीच गोष्ट वेगळ्या रूपाने जुनीच आहे. प्रीतिभोजनाच्या संध्याकाळी, प्रभुभोजनाआधी, पाय धुतात. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. रांगेतला एक जण उठतो, कमरेला पंचा बांधतो, घमेलं पुढे सरकवतो आणि शेजाऱ्याचे पाय धुऊन पुसतो. मग पंचा त्याच्या हातात देतो आणि तो पुढच्या माणसासमोर वाकतो. ज्या मुलखात कोणाच्या हातचं पाणी चालतं यावर माणसाची जागा ठरत आली, तिथे शेतावर राबून भेगाळलेल्या टाचेला कोणीतरी हात लावतो, हे काही साधं नाही. पण खरी कसोटी धुणाऱ्याची नसते. वाकण्यात थोडा मोठेपणा मिळतोच. अवघड असतं ते पाय पुढे करणं. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्रसुद्धा तिथेच अडला. गुरूकडून सेवा घ्यायची त्याला लाज वाटली.

एकोप्याचं पुढे काय झालं, तेही लपवू नये. बाप्तिस्म्यावरून जे फाटलं नाही ते जमिनीवरून फाटलं. दक्षिण गुजरातेतल्या ब्रदरनांपैकी काहींना वाटू लागलं की मोठ्या घरात आपलं घर विरघळून गेलं. विलीनीकरणाचा ठराव, मालमत्ता, विश्वस्त यांवरून खटले चालले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरनची मालमत्ता केवळ ठरावाने नव्या संस्थेकडे जात नाही. मी कोणत्याच बाजूला लोभी म्हणणार नाही. लहानाने मोठ्यात मिसळायचं आणि मग कारभारात आपला शब्द चालत नाही असं त्याला वाटायचं, तर तो वहीखातं काढणारच.

आता आजची सुरत पाहा. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथे खानदेशी माणूस इतका आहे की महापालिकेला मराठी शाळा चालवाव्या लागतात. त्यांत नवापूर, नंदुरबारकडचे ख्रिस्तीही आहेत. लूमवर बारा तासांची पाळी करून ही मुलं रविवारी शहरातल्या गुजराती मंडळीत येतात. चपला बाहेर, मागची सतरंजी, भजनाचं पुस्तक गुजरातीत. चाल ओळखीची निघाली तर हलकेच सूर धरतात. उपासनेनंतर चहा मिळतो, चौकशी होते, आजारपणात पाळक घरी प्रार्थनेला येतात. यात खोट काढण्यासारखं काही नाही.

पण हे सगळं देणं एकाच दिशेने चाललं आहे. मुलाचं नाव गावच्या मंडळीच्या नोंदवहीत, त्यामुळे इथे मत नाही. मराठीत प्रार्थना करायला कोणी सांगत नाही, अहिराणी किंवा मावचीचं तर नावच नको. दहा वर्षं झाली तरी तो पाहुणाच. पाहुणचार कितीही चांगला असला, तरी पाहुण्याला घरातली भांडी कुठे ठेवायची हे कोणी विचारत नाही.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही बसायला जागा होती. नोंदवहीचा उंबरा त्यांनी काढूनच टाकला. एवढं धाडस प्रत्येक मंडळीला झेपेल असं नाही, आणि मी ते मागतही नाही. मात्र पुढच्या कमिटीच्या निवडणुकीआधी नावं हलवण्याचा अर्ज मागच्या सतरंजीपर्यंत कोणीतरी न्यावा, आणि येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी लूमवरच्या एखाद्या मुलाला सांगावं की आज आमच्यासाठी तू प्रार्थना कर, तुझ्या भाषेत. निम्मी मंडळी पहिल्यांदा गोंधळेल. पाळकांना एक-दोन तक्रारी ऐकाव्या लागतील. त्या त्यांनी ऐकून घ्याव्यात आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या मुलाला उभं करावं.