चौकशी आधी की घास आधी?

गेल्या पौषात आमच्या दारी एक धडधाकट माणूस दाणे मागावयास आला. "अरे, हातपाय धड आहेत, काम का करीत नाहीस?" असे आम्ही विचारले. तो काही न बोलता निघून गेला. सुपात काढलेले जोंधळे तसेच राहिले. प्रश्न खोटा नव्हता. पण त्याची वेळ चुकली की काय, ही रुखरुख लागली. अशात ख्रिस्ती लोकांतील दोन पंथांची हकिगत वाचनात आली, ती सज्जनांनी ऐकावी.

दोन्ही पंथ प्रॉटेस्टंटच. लूथरन हा जर्मनीतील मार्टिन लूथरचा. प्रेस्बिटेरियन हा जिनिव्हाच्या कॅल्विनच्या शिकवणीचा. १५६० साली जॉन नॉक्स वगैरेंनी तो स्कॉटलंडात रुजविला. यात कारभार निवडलेल्या वडीलधाऱ्यांकडे असतो, आणि गोरगरिबांकडे पाहण्यास डीकन नावाचे सेवक नेमतात.

ग्लासगो शहरी थॉमस चामर्स म्हणून एक धर्मोपदेशक होते. १८१९ साली त्यांनी आपल्या सेंट जॉन्स या गिरणीकामगारांच्या वस्तीचे २५ भाग पाडले व प्रत्येकावर एक डीकन नेमला. मागणारा आला की डीकनने त्याच्या घरी जायचे. याला काम मिळेल काय? भाऊबंद आहेत काय? शेजारी हात देतील काय? कोठेच काही नसेल, तर चर्चच्या दारी जमलेल्या पैशांतून मदत. वर्षाला १४०० पौंड लागत, ते म्हणे २८० वर आले! पैशाच्या दानाने नात्यागोत्यातला ओलावा आटू नये, हा त्यांचा हेतू. हेतू चांगलाच. हिशेब वाचून आम्हीही आधी खूश झालो. मग मनात आले, चौकशीच्या लाजेने जे आलेच नाहीत, त्यांची नोंद कोणत्या वहीत?

आता हॅम्बुर्गचे पाहा. १८३३ साली योहान हिन्‍रिख विचर्न या लूथरन गृहस्थांनी गावाबाहेर एका जुन्या घरात उनाड, चोरटी, टाकून दिलेली पोरे आणून ठेवली. आल्या मुलाला सांगायचे, मागचे सगळे माफ. इथे भिंत नाही, कडीकुलूप नाही. डझनभर मुलांचे एक कुटुंब, वर एक मोठा भाऊ. आणि मग काम, बरे का! शिवण, जोडे, सुतारकी, शेती. सुटका कामातून नव्हतीच. फक्त क्रम फिरला.

पण एकाला कोरडा व दुसऱ्याला ओला म्हणून मोकळे होता येत नाही. देवाची कृपा कमवावी लागत नाही, हे दोघेही मानतात. १५२३ साली लायस्निग गावाने लूथरच्या सल्ल्याने गरिबांसाठी सामाईक पेटी केली, तिला चार कुलपे होती, आणि धडधाकटांना भीक मागण्याची बंदी! उलट आपल्याकडे मिरजेचा दवाखाना १८९४ साली डॉ. वानलेस यांनी काढला, तो अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा. तेथे बरे झालेले लोक गावोगाव आहेत. या सेवेमागे धर्मप्रसाराचा हेतू होता हे खरे, आणि तो आम्हांस खटकतो. पण गेलेला डोळा परत मिळालेल्या म्हाताऱ्याला ते कोणी सांगावे?

आम्हांस वाटते, चामर्सपुढे घरदार असलेला माणूस होता, विचर्नपुढे कोणीच नसलेले पोर. आमच्या दारी आलेला यांतला कोण, हे आम्ही त्याला बसवून विचारलेच नाही. कुटुंबाने तेव्हापासून दाण्यांचे सूप दाराशीच ठेवले आहे. तो काही अजून फिरकला नाही.