गाण्याला रकाना नाही

विद्यापीठात किंवा कॉलेजात संगीत शिकवायची नोकरी हवी असेल, तर साधारणपणे नेट किंवा सेट पास व्हावं लागतं. नेटमध्ये दोन पेपर, तीन तास, दीडशे प्रश्न, सगळे बहुपर्यायी. परीक्षा कॉम्प्युटरवर. संगीताचा उमेदवार येतो, रागाचा थाट, तालाच्या मात्रा, ग्रंथाचा कर्ता अशा गोष्टींवर क्लिक करतो आणि घरी जातो. तीन तासांत त्याने एकदाही सा लावलेला नसतो. लावलाच, तर पर्यवेक्षक त्याला बाहेर काढतील.

यावर हसणं सोपं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या मुलाखतीत विचारलेल्या निम्म्या गोष्टींचा पुढे कामाशी संबंध येत नाही, तरीही आमच्याकडे किमान कोड लिहून घेतात.

मराठीत या प्रश्नाची अर्धी फोड क्रियापदानेच केलेली आहे. 'मला पोहण्याबद्दल माहीत आहे' आणि 'मला पोहता येतं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि पाण्यात पडल्यावर त्यातलं एकच उपयोगाचं असतं. गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली याच फरकावर पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण खर्च केलं. आपल्याला ते 'माहीत असणं' आणि 'येणं' एवढ्यात भागवता येतं. ('मला राग येतो' या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि संगीताच्या भरतीबद्दल बोलताना दोन्ही लागू पडतात.)

यूजीसीचे २०१८ चे नियम वाचले तर त्यांनाही हा फरक कळलेला दिसतो. असिस्टंट प्रोफेसर होण्यासाठी संगीतात दोन दारं आहेत. पहिलं नेहमीचं: ५५ टक्क्यांसह एम.ए. आणि नेट किंवा सेट, नाहीतर पीएचडी. दुसरं दार कलाकारांसाठी: नामवंत गुरूकडे शिक्षण, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'ए' श्रेणी, विषय तर्कशुद्ध समजावून सांगण्याची क्षमता आणि उदाहरणांसह शास्त्र शिकवण्याइतकं ज्ञान. चांगल्या अटी आहेत. विशेषतः शेवटच्या दोन, कारण उत्तम गाणारा उत्तम शिकवेलच असं नाही. 'भीमसेन जोशींकडे कुठे डिग्री होती' हा कट्ट्यावरचा युक्तिवाद मला म्हणूनच आळशी वाटतो. मात्र या दुसऱ्या दाराच्या उंबऱ्यावरही एक अट आहेच: पदवी हवी.

आत गेल्यावर गुणांचा तक्ता असतो. विद्यापीठातल्या पदासाठी मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवायला त्याच नियमांत शंभर गुणांचं परिशिष्ट आहे. पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तरला २५, पीएचडीला ३०, शोधनिबंधांना १०, अनुभवाला १०, पुरस्कारांना ३. गाण्याला रकाना नाही. अंतिम निवड मुलाखतीवर होते आणि समिती शहाणी असेल तर ती गायला लावते, हे मान्य. पण गाणं ऐकलं जातं ते एवढ्या चाळण्या पार केल्यावर.

आता हा तक्ता नगर जिल्ह्यावर (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच) ठेवून बघा. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. तमाशाच्या इतिहासात जिचं नाव पठ्ठे बापूरावांच्या बरोबरीने घेतलं जातं ती पवळा संगमनेरजवळच्या हिवरगावची. कांताबाई सातारकर २०२१ मध्ये संगमनेरलाच गेल्या. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं याच जिल्ह्यातलं, आणि सप्ताहात मृदंग-पेटीवर रात्र काढणारी माणसं आजही इथल्या गावोगाव आहेत. म्हणजे 'येणं' या बाबतीत जिल्हा श्रीमंत आहे. यातल्या कुणावरही प्रबंध लिहिला तर लिहिणाऱ्याला तक्त्यात ३० गुण मिळतात. ज्या बाईच्या गाण्यावर प्रबंध लिहिला तिला शून्य, कारण फडासोबत गावं फिरत वाढलेल्या बाईकडे पदवी असण्याची शक्यता किती? ती त्याच विभागात येऊ शकते, पण कार्यशाळेची पाहुणी म्हणून. शाल, श्रीफळ, फोटो आणि परतीचं एसटीचं भाडं.

ही विभागणी यूजीसीने सुरू केलेली नाही. फंदींबद्दल एक आख्यायिका सांगतात: अहिल्याबाई होळकरांनी त्यांना तमाशा सोडून कीर्तनाकडे वळायला सांगितलं आणि त्यांनी ते मानलं. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या, जिल्ह्याला आता नाव त्यांचंच. गोष्ट खरी असो वा नसो, ती अभिमानाने सांगितली जाते हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुठलं गाणं प्रतिष्ठेचं हे आपल्याकडे गाणं ऐकायच्या आधीच ठरलेलं असतं.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. कागदाविरुद्ध कला, कलेच्या बाजूने मी. मग नगरच्या एका मित्राशी बोललो आणि ते इतकं सरळ राहिलं नाही.

मित्र संगीतात एम.ए. आहे, सेट झालाय, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. बाकी खर्च सप्ताहातल्या पेटीच्या साथीवर आणि घरच्या शिकवण्यांवर निघतो. ज्या बुवांना तो साथ करतो त्यांचं कुठलंही शिक्षण कागदावर नाही आणि त्यांचं गाणं मित्राच्या दसपट आहे, हे तोच सांगतो. मी विचारलं, मग जागा निघाली तर ती बुवांना मिळायला नको का?

"अरे, मी लहानपणी शिकायला गेलो ना त्यांच्याकडे, तर त्यांनी पहिलं काय विचारलं माहितीये? कुणाचा रे तू? आडनाव ऐकलं आणि म्हणाले, बघू पुढच्या वर्षी. परीक्षेने मला असलं काही विचारलं नाही. फी भर, फॉर्म भर, बस."

मी गप्प बसलो. तो पुढे म्हणाला, "आता त्यांच्याच शेजारी बसून वाजवतो, मान देतो, देणारच. पण माझा कागद काढून घेऊ नको राव. तेवढंच आहे माझ्याकडे."

संगीताच्या परीक्षांचा जन्मच मुळी या 'कुणाचा रे तू'ला उत्तर म्हणून झाला. घराण्यात विद्या मुलाला, पुतण्याला, फार तर जावयाला मिळायची. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि फी भरून, वर्गात बसून गाणं शिकता येतं हे दाखवलं. पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांनी उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकांत स्वरलिपीसह छापून टाकल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा कोड ओपन सोर्स केला. प्रारंभिक ते अलंकारपर्यंतच्या पायऱ्या आज तालुक्याच्या गावातली मुलगीसुद्धा चढते, ती यामुळे. त्या नव्या शाळांमध्ये कोठीवरच्या गाणाऱ्यांना मानाची जागा नव्हती हे खरं, पण ज्यांना आधी कुठेच जागा नव्हती अशा पुष्कळांना ती मिळाली हेही तितकंच खरं.

म्हणजे हा झगडा दोन अन्यायांमधला आहे. कागद मागितला तर बुवा आणि फडातली बाई बाहेर. कागद सोडला तर ओळखीपाळखीचा मामला, आणि माझा मित्र बाहेर. ज्याला समितीतल्या कुणाचा फोन नंबर माहीत नाही, त्याला तक्ता कितीही आंधळा असला तरी आधार वाटतो.

माझा कल अजूनही गाणं ऐकण्याकडेच आहे, पण आंधळेपणा कायम ठेवून. याची सोय आपल्याकडे फार आधी झालेली आहे. बा. वि. केसकर माहिती-नभोवाणी मंत्री असताना, १९५० च्या दशकात, आकाशवाणीने कलाकारांच्या श्रेणीसाठी ऑडिशनची पद्धत बसवली: परीक्षकांनी फक्त आवाज ऐकायचा, माणूस बघायचा नाही. तेव्हा मोठमोठे कलाकार भडकले, आमची परीक्षा घेणारे हे कोण म्हणाले. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांनीही पुढे पडद्याआडून वाजवायला लावायला सुरुवात केली. पात्रता परीक्षेतच असा अर्धा तास ठेवला, तर बुवांचं गाणं ऐकलं जाईल आणि मित्राचं आडनाव ऐकलं जाणार नाही. खर्चिक आहे, दीडशे क्लिकपेक्षा किती तरी अवघड आहे. पण जो विषय कानाने कळतो तो तपासायला कान लागणारच. आणि पदवीची अट या दारावरून काढावी असं मला वाटतं. मित्राला तसं वाटत नाही. "मी पाच वर्षं घातली त्यात," एवढंच तो म्हणाला, आणि त्याला कसं उत्तर द्यावं हे मला सुचलं नाही.

२०२२ मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' अशी सोय काढली. पदवीची सक्ती नाही, १५ वर्षांचा अनुभव हवा. नगर जिल्हा ज्या पुणे विद्यापीठाखाली येतो, तिथल्या ललित कला केंद्राच्या नावातच 'गुरुकुल' हा शब्द आहे, तेव्हा कल्पना रुजायला जमीन वाईट नाही. मात्र ही नेमणूक मंजूर पदांच्या बाहेरची, मुदतीची, फार तर चार वर्षांची. म्हणजे बुवांना उद्या बोलावलं तरी ते पाहुणेच राहणार, फक्त जरा जास्त दिवस. आणि मित्र तासावरच.

परवा त्याला मेसेज केला, एका पदाची जाहिरात आली होती. एकच जागा. त्याने विचारलं, "बुवांना सांगितलंस का?" मी लिहिलं, त्यांना भरता येणार नाही. त्याने अंगठा टाकला, आणि थोड्या वेळाने फॉर्मची लिंक मागितली.